बोट, मग पडदा

पहिल्या भेटीत त्यांनी माझं नाव विचारलं नाही. म्हणाले, "अंगठा दाखव."

मी उजवा अंगठा पुढे केला. सही येत नाही त्या माणसाला करायला लावतात, तसा. माझ्या वडिलांनी असा अंगठा पुष्कळ ठिकाणी पुढे केलेला आहे, त्यामुळे मला ते थोडं लागलं. त्यांनी मात्र तो दाबून पाहिला, उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "ज्वारी उपटलेली आहे. मंगळवेढ्याकडचा काय रे, बाबू?"

"व्हय," मी म्हणालो. कॉलेजात आल्यापासून मी 'हो' म्हणायला शिकलो होतो, पण घाबरलो की आतून 'व्हय'च निघतं.

"मऊ काडी तुला चालत नाही. मोडशील." काडी म्हणजे कंट्रोलरवरची अंगठ्यानं फिरवायची दांडी. एवढं बोलून त्यांनी भिंतीवरच्या खुंटीवरून अकरा नंबरचा गेमचा कंट्रोलर काढला आणि माझ्या हातात ठेवणार, तेवढ्यात मागे घेतला. "हात पूस आधी."

दारातच टॉवेलच्या तुकड्यांची चळत होती. कारखान्यात कडा चुकलेले टॉवेल कापून केलेले तुकडे. प्रत्येकानं एक घ्यायचा, हात पुसायचे, मगच कंट्रोलरला शिवायचं. शेंगाचटणी खाऊन आलेल्याला आधी मोरीवर साबण लावायला पाठवत. चटणीचं तेल काडीच्या बुडात उतरतं आणि काडी आळशी होते, असं त्यांचं म्हणणं होतं. एकदा एक मुलगा "मी चटणी खात नाही" असं खोटंच म्हणाला, तर त्यांनी त्याची बोटं हुंगली होती.

सगळे त्यांना जॉबरकाका म्हणायचे. यंत्रमाग बिघडला की जो येऊन तो चालू करतो, त्याला सोलापुरात जॉबर म्हणतात. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचं सगळं आयुष्य त्यात गेलं होतं. घर तेलुगू, धंदा मराठी, शिव्या दखनी. घराच्या पुढच्या खोलीत पूर्वी त्यांचे स्वतःचे दोन माग होते. ते गेले आणि फरशीवर तेलाचे दोन चौकोनी डाग राहिले. त्या डागांवर मुलानं चार गेम कन्सोल मांडून पार्लर काढलं. मुलाला हैदराबादला नोकरी लागली तेव्हा तो सांगून गेला, "नाना, विकून टाका." काकांनी विकण्याआधी साफ करावेत म्हणून कंट्रोलर उघडले, आणि ते विकायचे राहूनच गेले.

ते स्वतः कधीही खेळले नाहीत. सगळ्या गेमांचे त्यांनी दोनच प्रकार केले होते: चेंडूचे आणि कुस्तीचे. कोण जिंकलं हे त्यांना कळत नसे आणि ते विचारतही नसत. डाव संपला की हरलेल्याला विचारायचे, "कुठं अडलं?" बटण अडलं असेल, काडी एका बाजूला ओढत असेल, तर काका तो कंट्रोलर लगेच दुरुस्तीला उघडत. "कुठं नाही, मीच चुकलो," असं कोणी म्हणालं की त्यांचा चेहरा खुलायचा. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "हत्यार सारखं पाहिजे. हत्यार सारखं असलं की हरलेल्या माणसाला झोप लागते."

सारखं म्हणजे किती सारखं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. काकू आतल्या खोलीत विड्या वळायच्या. त्यांचा तंबाखूचा तराजू काका पळवून आणत आणि कंट्रोलर जोडीजोडीनं तोलत. कंट्रोलरला ते 'धोटा' म्हणत. मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो धोटा. "नवरा-बायको जमवताना एवढं बघत नाहीत," मी एकदा धीर करून म्हणालो.

आतून काकू म्हणाल्या, "आमच्यात बघितलं होतं की. मला बघायला आले, तोंडाकडं बघितलंच नाही. विडी वळताना अंगठा बघितला अन् बापाला म्हणाले, पसंत."

काकांना हे ऐकू आलं नाही. मागांच्या खडखडाटानं त्यांचे कान कधीच गेले होते. कारखान्यात कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही, तिथे माणसं ओठ वाचून बोलतात, आणि ती विद्या त्यांना इतकी पक्की होती की पार्लरमध्ये तोंडातल्या तोंडात शिवी दिली तरी खोलीच्या त्या टोकाहून ते म्हणायचे, "आईवरून नाही!" मोठ्यानं ओरडणाऱ्यांचा त्यांना काही त्रास नव्हता. पुटपुटणाऱ्यांचा होता. काकूंशी भांडण झालं की ते नुसती मान भिंतीकडे फिरवत. काकूंचा आवाज तिथल्या तिथे बंद.

"बटण आहे यांच्या मानेला," काकू आम्हाला सांगायच्या.

आता स्पर्धेचं सांगतो, कारण काकांची आठवण सांगायची तर ती टाळता येत नाही. मला ती टाळायला आवडलं असतं.

दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनात आजूबाजूच्या कॉलेजांची गेमिंग स्पर्धा ठरली. कुस्तीचा गेम, म्हणजे काकांच्या भाषेत. साहित्य निवडायचं काम माझ्याकडे आलं. माझी लायकी वगैरे कुणी पाहिली नव्हती. बैठकीला वेळेवर गेलेला मी एकटा होतो. कोणत्या पडद्यावर खेळायचं आणि कोणते कंट्रोलर द्यायचे, हे मी ठरवणार होतो. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, आणि आजवर मला कुणी काही ठरवायला दिलेलं नव्हतं. मी घरी फोन केला.

"गेम खेळाय कालेजात घातलंय व्हय तुला?" आई म्हणाली.

"न्हाय आये. मी खेळणार न्हाय. कशावर खेळायचं ते निवडणार हाय."

"म्हंजी बैलं तू बघणार आन् औत दुसरं हाकणार. बरं हाय की. पडलं झडलं तर तुझ्याच नावानं बोंब."

जिमखान्याच्या सरांनी एका दुकानदाराकडून दोन पंचावन्न इंची टीव्ही आणि रंगीत दिवे लागणारे बिनवायरचे कंट्रोलर मिळवले होते. बदल्यात दुकानाचा फलक लावायचा होता. मी भीत भीत म्हणालो, "सर, माझ्या ओळखीचे एक काका आहेत. त्यांना एकदा दाखवू या?"

काका कॉलेजात आले ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. काकूंनी मला नंतर सांगितलं, तो शर्ट ते मुलाच्या लग्नानंतर पहिल्यांदा घालत होते. दुकानाच्या माणसानं हात पुढे केला. काकांनी तो हातात घेऊन त्याचा अंगठा पाहिला आणि हात परत केला.

आधी कंट्रोलर झाले. सर सोफ्यावर बसले आणि दोन मुलं खेळायला लागली. एकाचा पैलवान मध्येच आपोआप लाथा झाडू लागला. मुलगा ओरडला, "सर, मी काही दाबत नाहीये!" पैलवान लाथा मारतच राहिला आणि दुसऱ्याला त्यानं लोळवलंसुद्धा. सर खो खो हसत होते, आणि ते जितके हसत तितक्या लाथा वाढत होत्या. काका सरांजवळ गेले, अदबीनं म्हणाले, "साहेब, जरा उठता काय?" सोफ्याच्या फटीत, सरांच्या खाली, तिसरा बिनवायरचा कंट्रोलर होता.

"वायर नसली की मालक कोण कळत नाही," काका म्हणाले. तो प्रश्न तिथे मिटला.

मग टीव्ही. काकांनी पिशवीतून पार्लरचा छोटा मॉनिटर काढला. एकाच कन्सोलच्या वायरीला दुफाटा लावून एक फाटा मॉनिटरला जोडला, एक टीव्हीला. दोन्हीवर तोच पैलवान. त्यांनी कंट्रोलर सरांच्या डोळ्यांसमोर धरला. "बोट बघा, मग पडदा बघा." बटण दाबलं. मॉनिटरवरच्या पैलवानानं ठोसा मारला आणि टीव्हीवरच्यानं तोच ठोसा किंचित मागून मारला.

सरांना काही दिसलं नाही. मी मोबाईलवर हळू गतीचं चित्रण करून दाखवलं, तेव्हा दिसलं.

"हे एवढंसं?" सर म्हणाले. "एवढ्यानं काय होतंय? चित्र बघा केवढं आहे! टीव्ही काय खोटं दाखवतोय का?"

"खोटं नाही, साहेब. खरंच दाखवतो. पण उशिरा." काका शांतपणे म्हणाले. "धोटा पण एवढ्याशाच उशिरानं मध्ये अडकतो. मग पसाभर धागे तुटतात अन् माणूस दिवसभर गाठी मारत बसतो."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझंही तेच मत आहे?"

"हो, सर."

"मग लेखी दे. कारणासहित. खाली सही कर. दुकानदार विचारेल तेव्हा मी तुझं नाव सांगणार."

मी तो अर्ज तीनदा लिहिला. 'सदर टीव्ही स्पर्धेसाठी अयोग्य आहेत.' अयोग्य हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या कशाबद्दल तरी वापरत होतो. खाली पूर्ण नावानं सही केली. आमच्या घरातल्या माणसानं कागदावर सही करून काहीतरी नाकारण्याची ही पहिलीच वेळ असावी. त्या दिवशी मी जरा ताठच चाललो.

ठरलं असं: सामने संगणक प्रयोगशाळेतल्या छोट्या मॉनिटरवर, काकांच्या वायरवाल्या, तोलून जमवलेल्या जोड्यांवर. दोन्ही टीव्ही मागे, नुसते प्रेक्षकांसाठी.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी सभागृहात टीव्हीचा आवाज कमी करत होतो. रिमोटचं चुकीचं बटण दाबलं गेलं आणि एक यादी उघडली. त्या यादीच्या पोटात आणखी एक यादी होती, आणि तिच्यात शेवटून दुसरा शब्द होता: गेम मोड. बंद होता. मी तो चालू केला, कन्सोल जोडला, मॉनिटर शेजारी ठेवला आणि मोबाईलवर पुन्हा चित्रण केलं. दोन्ही पैलवानांनी जवळजवळ बरोबरच ठोसा मारला.

मी पुन्हा पाहिलं. पाच-सहा वेळा पाहिलं. टीव्हीत काही खोट नव्हती. तो चित्र सुंदर करत बसायचा, म्हणून त्याला उशीर व्हायचा. सुंदर करू नको म्हणून सांगितलं की वेळेवर दाखवायचा. एवढं एक बटण काकांना माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं, आणि दुकानाच्या माणसालाही माहीत नव्हतं. पण सही माझी होती.

तेव्हा मी जे केलं ते असं. गेम मोड बंद केला. रिमोट जागेवर ठेवला. काका सभागृहाच्या कोपऱ्यात खुर्चीवर कंट्रोलर मांडून, एकेक वायर टॉवेलच्या तुकड्यानं पुसत बसले होते. मी त्यांच्याजवळ गेलो. "काय?" ते म्हणाले, कारण माझे ओठ हलायच्या बेतात असावेत. मी म्हणालो, "काही नाही, चहा आणू का?" मी स्वतःला सांगितलं की काकांना वाईट वाटेल म्हणून मी गप्प आहे. त्यात थोडं खरं होतं. बाकीचं माझ्या अर्जाबद्दल होतं.

दुसऱ्या दिवशी सामने इतके सुरळीत झाले की मला ते बटण दुपारपर्यंत आठवलंही नाही. हरलेला प्रत्येक जण काकांसमोरून जायचा, काका विचारायचे, "कुठं अडलं?" आणि तो म्हणायचा, "कुठं नाही."

अंतिम सामना बार्शीच्या कॉलेजची एक मुलगी आणि आमच्या कॉलेजचा एक मुलगा यांच्यात होता. प्रमुख पाहुणे आले. सर पुढे येऊन म्हणाले, "फायनल मोठ्या टीव्हीवर घेऊ. पाहुण्यांना फोटोत पडदा दिसला पाहिजे."

काकांनी सरांचे ओठ वाचले आणि अंतिम सामन्याची जोडी उचलून पिशवीत टाकली. "मग माझे धोटे मिळत नाहीत."

"मी त्यावर नाही खेळणार," बार्शीची मुलगी म्हणाली. "उशिरा दाखवतो असं तुमच्याच पोरानं लिहून दिलंय म्हणे. मी हरले तर लेखी तक्रार करणार."

आमचा मुलगा म्हणाला, "टीव्हीवरच घ्या. हिला भ्या वाटतंय."

"भ्या? तुझ्यासारखे बार्शीत तिकीट काढून बघतेत मला," ती म्हणाली. सभागृह ओरडायला लागलं. सरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी माझ्या हातात माईक दिला. "तूच लिहिलंयस ना अयोग्य म्हणून? आता पाहुण्यांना तूच सांग."

माईक जड असतो हे मला माहीत नव्हतं. 'अयोग्य आहे' म्हणालो असतो तर ते खोटं झालं असतं, आणि मला ते आदल्या दिवसापासून माहीत होतं. खरं सांगितलं असतं तर सगळ्या सभागृहानं इस्त्रीच्या शर्टातल्या त्या माणसाकडे पाहून हसायचं काम केलं असतं. काका माझ्याकडेच बघत होते. माझी बाजू मांडायला हा पोरगा उभा राहिलाय, असा त्यांचा चेहरा होता.

मी माईक खाली केला, आणि आवाज न काढता, फक्त ओठांनी म्हणालो, "काका, सेटिंग हाय त्यात. चालू केलं की उशीर जातोय. मी काल बघितलं."

काकांची पापणीसुद्धा हलली नाही. धागा तुटलेला दिसला की जॉबर आधी माग थांबवतो, चेहरा नंतर बदलतो. क्षणभर मला वाटलं, ते मान भिंतीकडे फिरवतील. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि सरळ टीव्हीपाशी गेले. "रिमोट आणा," म्हणाले, आणि माझ्याकडे बोट केलं. "हा दाबेल. मी बघतो."

मी यादीतली यादी उघडली, बटण चालू केलं. त्यांनी कंट्रोलर डोळ्यांसमोर धरला. बोट, मग पडदा. तीनदा केलं. मग मागे वळून म्हणाले, "आता चालतो."

सरांनी माझ्या हातातला माईक घेतला. "आपल्या तज्ज्ञांनी टीव्ही जागच्या जागी दुरुस्त केलेला आहे!" टाळ्या पडल्या. दुकानाच्या माणसानं काकांचा फोन नंबर मागितला. पुढे कित्येक महिने लोक त्यांच्याकडे पंखे आणि मिक्सर घेऊन येत होते.

बार्शीच्या मुलीनं आमच्या मुलाला दोन डावांत झोपवलं. काकांनी त्याला विचारलं, "कुठं अडलं?"

त्यानं कंट्रोलर उलटा करून पाहिला. "कुठं नाही."

"मग झोप लागेल," काका म्हणाले.

फाटकापर्यंत मी त्यांची पिशवी धरून चाललो. रिक्षा थांबली तेव्हा म्हणाले, "काल बघितलंस. आज बोललास."

"चुकलं, काका. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"तुझ्यापेक्षा तो टीव्ही बरा," ते म्हणाले. "त्याला बटण तरी आहे."

मी पुढच्या वेळी पार्लरमध्ये गेलो तर अकरा नंबर खुंटीवर होता, पण मला दिला नाही. चार नंबर दिला. चारची काडी डावीकडे ओढायची आणि तो फक्त फुकट बघायला येणाऱ्या लहान पोरांच्या हातात असायचा. मी सबंध पावसाळा चार नंबरवर खेळलो. काका विचारायचे, "कुठं अडलं?" मी म्हणायचो, "कुठं नाही." दोघांनाही माहीत होतं की डावीकडे अडलंय.

मग दिवाळीच्या आधी त्यांनी जुन्या बाजारातून एक मॉनिटर आणला. माझ्यासमोर बटण दाबून पाहिलं, बोट, मग पडदा, आणि पास केला. त्याच्यावर नंबर रंगवला आणि मला तिथे बसवलं. पहिल्याच डावात मला काहीतरी खटकलं. आधी वाटलं, चार नंबरचा दोष. शेजारच्याकडून सात नंबर मागून घेतला. तरी तसंच. मॉनिटरची यादी उघडून शोधली, तसलं काही बटण तिच्यात नव्हतं. मोबाईलवर चित्रण केलं. पडदा उशिरा दाखवत होता, चांगलाच उशिरा. कॉलेजातल्या टीव्हीपेक्षा जास्त. आणि काकांना तो दिसला नव्हता.

मी वर पाहिलं. ते स्टुलावर बसून माझ्या ओठांकडे बघत होते. उद्या सांगू, असं माझ्या मनात आलं. एकटे असताना सांगू. खोलीत सहा-सात मुलं होती.

"काका," मी म्हणालो, "हा पडदा उशिरा दाखवतोय. मगाशी तुमास्नी दिसलं न्हाय."

ते उठून आले. बटण दाबलं. मग वाकले, पडद्याच्या अगदी जवळ गेले, आणि पुन्हा दाबलं. इतक्या जवळ त्यांना कधी जावं लागत नसे. मी मोबाईल पुढे केला, तर तोही त्यांनी नाकाशी धरला.

काकू आतल्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "दोन वर्षं सांगते, डोळे दाखवा, डोळे दाखवा. मोतीबिंदू वाढलाय. ऐकतंय कोण?"

मी भिंतीकडे पाहिलं. आता मान तिकडे फिरणार, हे मला माहीत होतं. ती फिरली नाही. काकूंचं सगळं बोलणं त्यांनी ओठांवरून शेवटपर्यंत वाचलं. मग मॉनिटरची वायर काढली, तो भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि माझ्या हातातला कंट्रोलर घेऊन खुंटीपाशी गेले. अकरा नंबर काढला.

मी हात पुढे केला.

"हात पूस आधी," ते म्हणाले.